जेट स्की हिवाळ्यासाठी ठेवताना आत काय राहून जातं?

तडा इतका बारीक होता की नुसत्या डोळ्यांना दिसलाच नाही. बोट फिरवलं तेव्हा नखाला अडकला. एक्झॉस्टच्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागावर, चार बोटं लांब, केसाएवढा. नळाचं पाणी जोडून इंजिन सुरू केलं की तिथे घाम फुटल्यासारखे थेंब जमायचे आणि थोड्या वेळाने त्यांची बारीक धार लागायची. चार महिने ते मशीन जागचं हललं नव्हतं. हंगाम संपल्यावर मी ते बाहेरून स्वच्छ धुतलं होतं, पुसलं होतं, जाड कव्हर चढवून दोरी घट्ट आवळली होती. सगळं नीट झालं असं मला मनापासून वाटत होतं. आत वाटीभर पाणी राहून गेलं होतं, एवढंच.

तेव्हापासून मी या विषयाचा पिच्छा पुरवला आहे. उभ्या मशीनच्या बाबतीत थंडी नुसती निमित्त होते. खरं नुकसान करतं ते आत राहिलेलं पाणी, आत राहिलेलं शिळं पेट्रोल, आत राहिलेलं काळं ऑईल आणि अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी. कव्हर कुठलं घ्यावं हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधी विचारायचं, आत काय राहिलंय?

‘जेट स्की’ हे मुळात कावासाकी कंपनीचं नाव, १९७० च्या दशकात बाजारात आलेलं. यामाहाची वेव्हरनर आणि बाँबार्डियरने आणलेली सी-डू ही याच जातीची यंत्रं. मराठीत वॉटर स्कूटर असंही म्हणतात. पण जेट स्की हा शब्द आता सगळ्यांनाच लागू होतो, म्हणून मीही तोच वापरतो.

पाणी आत शिरतं कुठून

जेट स्कीला बोटीसारखा बाहेर लोंबणारा पंखा नसतो. तळाशी एक जाळी असते, जाळीच्या मागे एक नळकांडं, आणि त्या नळकांड्यात फिरणारा पंखा म्हणजे इंपेलर. इंजिन एक लांब दांडा फिरवतं, दांड्याच्या टोकाला हा इंपेलर बसवलेला असतो. तो जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून जोरात फेकतो. पाणी मागे, मशीन पुढे.

त्याच जोरदार पाण्यातला थोडा हिस्सा एका नळीने इंजिनकडे वळवलेला असतो. मोटारीला रेडिएटर असतो; इथे आख्खा तलाव किंवा समुद्र हाच रेडिएटर. बाहेरचं गार पाणी इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरतं, उष्णता घेतं आणि परत बाहेर पडतं. याला ओपन लूप म्हणतात. म्हणजेच हंगामभर इंजिनाच्या अंगात खारं किंवा गढूळ पाणी खेळत असतं, आणि मशीन पाण्याबाहेर काढलं तरी ते सगळंच्या सगळं आपोआप गळून जात नाही. वळणं असतात, खोलगट जागा असतात, नळीला झोळ पडलेला असतो. तिथे पाणी बसून राहतं.

काही मशीनांत, विशेषतः सी-डूच्या फोर स्ट्रोक मॉडेलांत, इंजिनासाठी मोटारीसारखं कूलंट असतं आणि ते बंद चक्रात फिरतं. हे क्लोज्ड लूप. अशा मशीनचे मालक हमखास म्हणतात, ‘माझ्या मशीनला काही करायला नको, कूलंट आहे ना.’ इथेच घोटाळा होतो. इंजिनाचा ब्लॉक कूलंटने गार होतो हे खरं, पण एक्झॉस्ट बाहेरच्याच पाण्याने गार होतं. सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या बऱ्याच मॉडेलांत ती हवा गार करणारा इंटरकूलरही त्याच पाण्यावर चालतो. माझा तडा गेलेला भाग एक्झॉस्टचाच होता, आणि ते मशीन क्लोज्ड लूपचंच होतं.

आता त्या वाटीभर पाण्याने ॲल्युमिनियम फोडलं कसं ते पाहू. बहुतेक पदार्थ गार होताना आक्रसत जातात. पाणीही आक्रसतं, पण ४ अंश सेल्सियसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा फुगायला लागतं, आणि गोठताना तर साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीसारखे रचले जातात आणि त्या रचनेत मधे मोकळी जागा जास्त राहते. उघड्या भांड्यात बर्फ वर फुगतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. चहूबाजूंनी कोंडलेल्या पाण्याला मात्र फुगायला वाव नसतो. तापमान उणे २२ अंशांपर्यंत उतरलं तर पूर्ण कोंडलेल्या पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या २००० पट होऊ शकतो. रबरी नळी अशा वेळी ताणते आणि पुढे सावरतेही. ओतीव धातू ताणत नाही, फुटतो.

‘पण पोकळी तर अर्धीच भरलेली होती, मग कोंडलं कुठे?’ असं कुणी विचारेल. पाणी एकाच वेळी सगळीकडे गोठत नाही. अरुंद, बाहेरच्या हवेला जवळची जागा आधी गोठते. तिथला बर्फ बुचासारखा घट्ट बसतो, आणि त्याच्या पलीकडचं पाणी, जे अजून द्रव असतं, ते मधे अडकतं. मग ते गोठायला लागतं. म्हणून थोडंसं पाणीसुद्धा पुरतं.

आधी इंजिन, मग पाणी

हंगाम संपला की पहिलं काम म्हणजे इंजिनाच्या आतून गोडं, स्वच्छ पाणी फिरवणं. बागेला पाणी घालायच्या पाईपला जोडता येईल असं एक तोंड बहुतेक मशीनांना दिलेलं असतं, त्याला फ्लशचं तोंड म्हणतात. समुद्रात चालवलेल्या मशीनसाठी हे दर वेळचं काम आहे, पण हिवाळ्याआधी ते टाळून चालणारच नाही. पाणी वाळलं तरी मीठ तिथेच राहतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि धातू पोखरत राहतं.

या कामात एक क्रम आहे. लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हा क्रम विसरू नका. पाईप जोडायचा, पण नळ बंद ठेवायचा. आधी इंजिन सुरू करायचं, ते सुरू झालं की लगेच नळ सोडायचा. थांबवताना उलट: आधी नळ बंद, मग इंजिन बंद.

कारण असं. इंजिनाला गार करून झाल्यावर हे पाणी एक्झॉस्टच्या नळीत सोडलेलं असतं, आणि धुराच्या दाबाने ते बाहेर ढकललं जातं. इंजिन बंद असताना नळ सोडला तर ढकलणारा धूर नाही, पाणी मात्र येतंच आहे. ते एक्झॉस्टमध्ये साचत वर चढतं आणि व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरमध्ये उतरतं. पुढच्या वेळी सेल मारला की पिस्टन वर येतो, आणि त्याच्यापुढे हवेऐवजी पाणी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे मशीनची काळजी घ्यायला म्हणून नळ सोडला आणि इंजिन हातचं गेलं.

उलट्या बाजूलाही एक मर्यादा आहे. पाण्याशिवाय इंजिन दहा-पंधरा सेकंदांहून जास्त चालवू नये. एक्झॉस्टच्या रबरी नळ्या पाण्याच्या भरवशावर टिकलेल्या असतात. शिवाय दांडा जिथून बॉडीच्या बाहेर जातो तिथे बऱ्याच मॉडेलांत कार्बनची रिंग असते. तिला गारवा आणि वंगण पाण्याचंच. कोरडी फिरली की ती तापते, खराब होते, आणि पुढच्या हंगामात तिथूनच बॉडीत पाणी शिरतं. नळ सोडून दोन-तीन मिनिटं चालवलं की साधारण काम होतं. नेमकी वेळ मशीनच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती मॉडेलनुसार बदलते. नळ बंद केल्यावर दोन-चार सेकंद थोडी थोडी रेस द्यायची. मागून फुर्रकन पाणी उडतं. ते एक्झॉस्टच्या डब्यात साचलेलं पाणी. आवाज कोरडा झाला की इंजिन बंद.

हे सगळं उघड्यावर करायचं, बंद गॅरेजमध्ये नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस सावध व्हायच्या आत तो माणसाला आडवा करतो. सुरू करण्याआधी सीट उचलून आत कोंडलेली पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्यायची. इंजिन चालू असताना जाळीजवळ आणि मागच्या तोंडाजवळ कुणी उभं राहायचं नाही, हातही न्यायचा नाही.

एवढं करूनही झोळांत पाणी उरतं. ते काढायचे दोन मार्ग. एक, फ्लशच्या तोंडातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, मागून पाण्याचे तुषार येणं थांबेपर्यंत. सी-डूच्या पुस्तिकांत एक्झॉस्टसाठी हा मार्ग दिलेला असतो. दुसरा, पाण्याच्या जागी अँटिफ्रीझ भरायचं: त्याच तोंडातून ते आत घ्यायचं, आणि मागून रंगीत द्रव यायला लागला की पाण्याची जागा त्याने घेतली असं समजायचं. यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, बोटी आणि फिरत्या घरांसाठी मिळणारं, बहुधा गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ घ्यावं. मोटारीच्या कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे, आणि वसंतात मशीन पाण्यात उतरवल्यावर ते सगळं तलावातच जाणार. तलावात मासे असतात, काठावर जनावरं पाणी पितात. इथे पैसे वाचवू नयेत.

क्लोज्ड लूप असेल तर आतलं कूलंट किती थंडी सोसेल तेही तपासून घ्यावं. छोटा हायड्रोमीटर मिळतो, थेंब-दोन थेंबांवर चालणारा रिफ्रॅक्टोमीटरही मिळतो. पुष्कळांना वाटतं, पाणी कमी आणि ग्लायकॉल जास्त म्हणजे संरक्षण जास्त. तसं नाही. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण मात्र उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. दोघंही एकमेकांच्या गोठण्यात मोडता घालतात, म्हणून एकत्र जास्त टिकतात.

जिथे पारा शून्याखाली कधी जातच नाही तिथे गोठण्याची ही भानगड नाही. पुढचं सगळं मात्र तिथेही तितकंच लागू आहे. चार-सहा महिने मशीन उभं राहणार असेल तर पेट्रोल, ऑईल आणि बॅटरी काही थंडीची वाट पाहत बसत नाहीत.

पेट्रोलही शिळं होतं

पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके भाग, ज्यांच्यामुळे गार इंजिन पटकन पेट घेतं, ते आधी उडून जातात. उरलेल्यातले काही हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात आणि चिकट राळ बनते. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची छिद्रं सूक्ष्म असतात. त्यांत ही राळ बसली की एक सिलिंडर अर्धपोटी चालायला लागतो. जुन्या कार्बोरेटरच्या मशीनांत तर पेट्रोलची बारीक भोकं, म्हणजे जेट, पुरती बुजतात, आणि मालक बॅटरीला दोष देत सेल मारत बसतो.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉलला पाण्याचं भारी आकर्षण. टाकीला हवा जायला छिद्र असतं, दिवसा हवा तापते, रात्री गार होते, टाकीच्या रिकाम्या भागात आतून दव धरतं. हे पाणी इथेनॉल शोषून घेतं. काही हद्दीपर्यंत सगळं एकजीव राहतं. ती हद्द ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला जाऊन बसतात. गार हवेत ही हद्द आणखी खाली येते, म्हणजे थोड्या पाण्यातही काम बिघडतं.

हे एकदा डोळ्यांनी पाहावं. एका मशीनच्या टाकीच्या तळातून काढलेलं पेट्रोल मी काचेच्या बरणीत ओतलं आणि सावलीत ठेवलं. दहा मिनिटांनी बरणीत आडवी रेघ उमटली. वर पिवळसर, पारदर्शक पेट्रोल. खाली बोटभर जाडीचा किंचित धुरकट थर. बरणी कलती केली की खालचा थर वेगळा होऊन सरकत होता, वरच्यात मिसळत नव्हता. टाकीतला पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणजे वसंतात पहिल्याच सेलला इंजिनाला पाजलं जाणार होतं ते हे. आणि वरचा थरही पूर्वीचा राहत नाही. इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो.

उपाय सोपा आहे, फक्त तो वेळेवर करायला हवा. फ्युएल स्टॅबिलायझर नावाचं द्रव मिळतं, ते पेट्रोलचा प्राणवायूशी होणारा संयोग लांबवतं. ते ताज्या पेट्रोलमध्ये, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालायचं. शिळ्या पेट्रोलला ते ताजं करत नाही, आणि थर वेगळे झाल्यावर तर त्याचा काहीच उपयोग नाही. टाकी जवळपास भरून घ्यायची, म्हणजे दव धरायला मोकळी हवाच उरत नाही. अगदी काठोकाठ मात्र नको, उन्हात पेट्रोल फुगतं.

आता खरी गोम. स्टॅबिलायझर टाकीत घालून झाकण लावलं म्हणजे झालं, असं नाही. नळ्यांत, इंजेक्टरच्या रेलमध्ये, कार्बोरेटरच्या वाटीत अजून जुनंच पेट्रोल आहे, आणि सगळ्यात आधी राळ धरते ती तिथेच. मिसळलेलं पेट्रोल तिथपर्यंत पोहोचायला इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालायला हवं. पण पाण्याबाहेर तर इतका वेळ चालवता येत नाही. म्हणून मी स्टॅबिलायझर शेवटच्या फेरीच्या आधी घालतो, काठावरच. शेवटची फेरी हीच मिसळण्याची फेरी. परत येईपर्यंत मिसळलेलं पेट्रोल शेवटच्या टोकापर्यंत गेलेलं असतं, इंजिन गरम असतं आणि ऑईल काढायलाही ती वेळ उत्तम.

काळं ऑईल आणि कोरडे सिलिंडर

‘ऑईल वसंतातच बदलू, आता कशाला नवं ऑईल चार महिने नुसतं ठेवायचं?’ हा विचार ऐकायला पटतो, पण आहे उलटा. वापरलेल्या ऑईलमध्ये जळणाची आम्लं, काजळी आणि ओल उतरलेली असते. मशीन चालू असताना ती फिरत राहतात. उभ्या मशीनमध्ये तीच आम्लं महिनोन् महिने बेअरिंगला चिकटून बसतात. नवं ऑईल हिवाळ्याआधीच घालावं, फिल्टरसकट.

जेट स्कीच्या इंजिनाखाली हात जायला जागा नसते, म्हणून ऑईल सहसा वरून, डिपस्टिकच्या नळीतून, सक्शन पंपाने ओढून काढतात. गरम असताना ते पातळ असतं आणि जवळजवळ सगळं निघतं. डिपस्टिक बाहेर काढल्यावर रंग नीट बघायचा. काळा असेल तर साहजिक आहे. दुधाळ, मातकट, फेसाळ असेल तर आत पाणी गेलंय. अशा वेळी ऑईल बदलून मशीन झाकून ठेवू नये. पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय हिवाळा काढला तर वसंतात बेअरिंग गंजलेली मिळतील.

टू स्ट्रोक मशीनमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे बदलायचं काही नसतं. पण तिथे पुढची पायरी जास्त महत्त्वाची.

ती पायरी म्हणजे फॉगिंग. सिलिंडरच्या भिंतीवर ऑईलचा जो पातळ पापुद्रा असतो तो हळूहळू निथळून जातो, आणि दमट हवेत उघड्या पडलेल्या धातूवर गंज धरतो. पिस्टनची रिंग जिथे थांबलेली असते तिथेच गंजाचा पट्टा तयार होतो. फॉगिंग ऑईल हे यासाठीच बनवलेलं, चिकटून राहणारं ऑईल, स्प्रेच्या डब्यात मिळतं. स्पार्क प्लगभोवतीचा कचरा हवेने उडवायचा, मग प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून थोडं फवारायचं आणि इंजिन सेलवर दोन-तीनदा फिरवायचं, म्हणजे ऑईल भिंतीवर सगळीकडे पसरतं. फिरवताना ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद हवीत. बऱ्याच इंजेक्शनच्या मशीनांत थ्रॉटल पूर्ण दाबून सेल मारला की पेट्रोल बंद राहतं. आपल्या मॉडेलची रीत पुस्तिकेत बघून घ्यावी. प्लगच्या वायरी मोकळ्या लोंबत ठेवून सेल मारू नये. इग्निशनचं नुकसान होतं, आणि जवळ वाफ असेल तर ठिणगीने पेटही घेऊ शकते.

सुपरचार्जरच्या मशीनमध्ये हवेच्या वाटेने काहीही फवारायचं नाही. ते ऑईल इंटरकूलरमध्ये जाऊन बसतं.

बॅटरी, पंप आणि बाकीचं

बॅटरीबद्दल एकच गोष्ट नीट समजली तर पुरे. पूर्ण चार्ज असलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतलं द्रावण उणे ५० अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. तीच बॅटरी उतरलेली असेल तर उणे १० अंशांच्या आसपासच गोठते, कारण उतरताना ॲसिड प्लेटांमध्ये जातं आणि उरतं ते बरंचसं पाणी. गोठलेलं पाणी तेच करतं जे त्याने माझ्या एक्झॉस्टचं केलं. थंडी नसेल तरी उतरलेल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज घेत नाही. म्हणून बॅटरी काढून घरात ठेवावी. काढताना आधी निगेटिव्ह तार, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून इंजिनाला टेकला तरी मग शॉर्ट होत नाही. मीटर लावला तर चार्ज होऊन विसावलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसायला हवेत. १२.४ च्या खाली उतरली की पुन्हा चार्ज. आपोआप थांबणारा, हळू चार्ज देणारा मेंटेनर असेल तर उत्तमच.

पंपाकडे टॉर्च घेऊन बसा. सेफ्टी कॉर्ड (निघाली की इंजिन बंद करणारी, चालवणाऱ्याला बांधायची दोरी) काढून घ्या, बॅटरी आधीच निघालेली असेल तर आणखी बरं, आणि जाळीतून आत बघा. दांड्याला गुंडाळलेली दोरी, शेवाळ, मासेमारीचा नायलॉनचा धागा हे नेहमीचे पाहुणे. नायलॉनचा धागा फार घातक असतो. सीलखाली शिरून तो रबर कापत जातो. इंपेलरच्या पात्यांच्या कडा बोटाने चाचपून बघा. खडा गिळल्याची खूण म्हणजे दुमडलेली, दातेरी कड. इंपेलर आणि भोवतीची कडी यांत मिलिमीटरच्या अंशाइतकंच अंतर असतं, आणि ते वाढलं की इंजिन नुसतं ओरडतं, मशीन पुढे सरकत नाही. असं काही दिसलं तर दुरुस्ती आत्ताच करून घ्यावी, हंगाम सुरू होताना सगळ्यांचीच घाई असते. स्टिअरिंग आणि रिव्हर्सच्या सांध्यांना पाण्याला दाद न देणारं ग्रीस लावा.

चिकटलेलं शेवाळ, शिंपले, चिखल खरवडून काढा ते केवळ दिसायला बरं म्हणून नाही. झेब्रा शिंपला हा मूळचा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला जीव. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या भागात सापडला, आणि तिथून बोटींना चिकटून एका तलावातून दुसऱ्यात गेला. पाण्याबाहेर तो कित्येक दिवस जगतो. पुढच्या हंगामात मशीन वेगळ्या पाण्यात उतरणार असेल तर या पाण्यातलं काहीही सोबत जाऊ नये.

मशीन ट्रेलरवर असताना पुढचं टोक उंच करा आणि मागची दोन्ही बुचं काढा. बॉडीच्या तळाशी असलेलं पाणी बुचांतून निथळू द्या, उरलेलं स्पंजने टिपा. सीटखाली, सामानाच्या कप्प्यात, पाय ठेवायच्या चटईखाली ओल राहते आणि तिथे बुरशी धरते. शक्य असेल तर सीट थोडी उचलून मधे लाकडाचा तुकडा ठेवा, हवा खेळती राहते. ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगही पाण्यात बुडालेली असतात, त्यांना ग्रीस द्या.

कव्हर हवा खेळू देणाऱ्या कापडाचं असावं. प्लास्टिकची ताडपत्री बाहेरचं पाणी अडवते आणि आतली वाफही कोंडते. काही आठवड्यांनी उचलून बघितलं तर आतून पाण्याचे मणी लटकत असतात. उंदरांना एक्झॉस्टचं तोंड आणि हवेची वाट फार आवडते: ऊबदार, अंधारी, कुणी येत नाही. तिथे बारीक जाळी किंवा स्टीलचा चोथा बसवा. कापडाचा बोळा नको, तो ते कुरतडून त्याचंच घरटं करतात.

मी एका पुठ्ठ्यावर जे जे केलं ते लिहून तो हँडलला बांधतो: एक्झॉस्टमध्ये चोथा आहे, बुचं काढलेली आहेत, बॅटरी कपाटात आहे, कूलंट तपासलंय की नाही, ऑईल कुठल्या तारखेला बदललं. दोन्ही बुचं छोट्या पिशवीत घालून त्याच हँडलला अडकवतो. बुचं न लावता मशीन पाण्यात उतरवलं तर मागचा भाग आधी जड होतो आणि मग झपाट्याने बुडायला लागतो.

वसंतात पुठ्ठा वाचत एकेक गोष्ट उलटवायची. चोथा काढला, बुचं लावली, बॅटरी जोडली, मग इंजिन, मग नळ. पहिली काही मिनिटं निळसर पांढरा धूर निघेल आणि त्याला जळक्या ऑईलचा वास असेल. घाबरू नका, ते फॉगिंगचं ऑईल जळतंय. तोवर टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या ओतीव भागावरून बोट फिरवा, इंजिन तापायच्या आत. बोट कोरडं निघालं पाहिजे.